उन्हात ठेवलेला सरदार

माझ्या वडिलांचा उजवा कान जहाजावर गेला. म्हणजे कान जागेवरच होता, त्यातलं ऐकू येणं गेलं. ते मालवाहू जहाजावर रेडिओ ऑफिसर होते, वर्षातले नऊ-दहा महिने समुद्रावर. कान गेल्यावर त्यांना किनाऱ्यावर आणून बंदराजवळच्या एका कचेरीत बसवलं. आई म्हणायची, "कान गेला, पण नवरा मिळाला." मला मात्र बाप मिळाला तो दहाव्या वर्षी, आणि तोवर मी त्यांना पाहुणा समजत होते. मुलुंड पूर्वेला आमची दोन खोल्यांची जागा, तिसरा मजला, पश्चिमेला गॅलरी. त्या जागेत एक उंच माणूस अचानक कायमचा राहायला आला, त्याचे बूट दाराशी रोज दिसायला लागले, आणि त्याला हाक मारायची तर डाव्या बाजूला जाऊन मारावी लागे. ही डावी बाजू मी लवकरच काबीज केली. जेवताना, रेडिओ ऐकताना, गॅलरीत उभं राहताना मी त्यांच्या डाव्या हाताला असायची. बाकी घर त्यांच्याशी ओरडून बोलायचं. मी हळू बोलू शकत असे.

जहाजावरून बाबांनी साड्या, परफ्यूम असलं फारसं काही आणलं नाही, हे आईचं एक जुनं दुःख होतं. त्यांनी आणले प्लास्टिकच्या सैनिकांचे डबे. बोटाच्या एका पेराएवढे सैनिक, प्लास्टिकच्या चौकटीला चिकटलेले, कापून सुटे करायचे. एका म्हाताऱ्या इंजिनियरनं त्यांना जहाजावर एक खेळ शिकवला होता. टेबलावर डोंगर-नद्या मांडायच्या, दोन्हीकडे सैन्यं उभी करायची, पट्टीनं मोजून ती पुढे सरकवायची आणि फासे टाकून कोण मेलं, कोण पळालं ते ठरवायचं. आमच्याकडे एवढं मोठं टेबल कुठलं? पलंगावर एक प्लायवूडचा तक्ता टाकला जाई. रविवारी बांगड्याचं तिखलं आणि भात जेवून झाला, की आई चटई घेऊन आतल्या खोलीत आडवी व्हायची आणि बाहेरच्या खोलीत लढाई सुरू व्हायची. बाबांचे कचेरीतले मित्र मधुकाका इंग्रज फौज चालवायचे. बाबा मराठे.

अडचण अशी होती, की मराठे कुठल्याच डब्यात मिळत नसत. परदेशात कोण मराठे बनवणार? बाबांना ते बनवावे लागत. फ्रेंच घोडदळाच्या डब्यातला घोडा घ्यायचा, त्यावर वाळवंटातल्या अरबांच्या डब्यातला माणूस बसवायचा. त्याच्या डोक्यावरचा फडका ब्लेडनं तासायचा. रोमन शिपायाची लांब ढाल कापून गोल करायची. दुसऱ्याच कुणाचा तरी तलवारीसकट हात उपटायचा, गरम टाचणी दोन्हीकडे टेकवायची आणि वितळलेलं प्लास्टिक एकमेकांत दाबून फुंकर घालायची. असे चौदा स्वार बाबांनी तीन वर्षांत केले होते. त्यांना रंग द्यायचा आणि पगड्या बांधायच्या हे माझं काम. पगडी म्हणजे शिवणाचा दोरा, डिंकात भिजवून डोक्याभोवती गुंडाळलेला. दर पगडी झाली की बाबा भिंग लावून बघायचे आणि म्हणायचे, "वा!" मी ते वा मोजायची. चौदा पगड्यांना अकरा वा मिळाले होते. तिघांच्या वेळी बाबांना घाई असावी.

मग एका गुरुवारी आईच्या कुळथाच्या पिठल्यात खडा निघाला आणि बाबांची दाढ तुटली.

दातांच्या डॉक्टरनं त्यांना नवीन दात बसवायचा ठरवला, आणि तो दात बनवायला गेला आमच्याच गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या पेडणेकरांकडे. पेडणेकर कवळ्या बनवायचे. मूळचे वेंगुर्ल्याकडचे, बारीक अंगाचे, बोटांना कायम पांढरं प्लास्टर लागलेलं. त्यांच्या घरातली बाहेरची खोली म्हणजेच कारखाना. तिथे फळीवर लोकांचे जबडे ओळीनं मांडलेले असत. बाबा दात बघायला म्हणून गेले ते तासाभरानं परत आले, आणि दाताबद्दल एक शब्द न बोलता आईला सांगू लागले, की त्या माणसाकडे मेण कोरायच्या केवढ्या बारीक सळया आहेत, गुलाबी रंगाची एक पूड आहे, ती पातळ औषधात कालवली की दगडासारखी घट्ट होते, आणि त्याची मुलगी, अरूच्याच वयाची असेल, ती मेणात दाढ अशी कोरते की खरी वाटावी.

"रविवारी त्यांना बोलावलंय," बाबा म्हणाले.

अरू म्हणजे मी.

ते दोघं आले. पेडणेकर खुर्चीत बसून चहा प्यायले आणि भिंतीकडे बघत राहिले, त्यांना लढाईत काही रस नव्हता. मुलगी मात्र सरळ पलंगाशी गेली. वैजयंती तिचं नाव. काळीसावळी, दोन वेण्या, नखं पार खाल्लेली. तिनं न विचारता एक स्वार उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि हसली.

"ह्या पगड्या कोणी केल्या?"

"मी," मी म्हणाले.

"जिलब्या वाटतात गं."

मधुकाका खो खो हसले. बाबाही हसले. बाबा हसताना मान थोडी खाली घालत, ते मला फार आवडायचं. त्या दिवशी आवडलं नाही. वैजूनं बरोबर एक चपटा पत्र्याचा डबा आणला होता. त्यातून स्पिरिटचा छोटा दिवा काढला, एक सळई तापवली, तांबड्या मेणाचा कण उचलला आणि एका उघड्या डोक्याच्या शिपायावर ठेवला. पुढची दहा मिनिटं ती जीभ दातांत धरून काम करत होती. ती उठली तेव्हा त्या शिपायाच्या डोक्यावर खरी पगडी होती. तिरकी, घडी घडी दिसणारी, मागे कोक्याचं वर आलेलं टोकही असलेली. बाबांनी भिंग लावलं. वा म्हणाले नाहीत. भिंग माझ्या हातात देऊन म्हणाले, "अरू, बघ. अगं, बघ तरी!"

मी बघितलं. आज साठीला आल्यावर सांगते, मी आयुष्यात मोठी चित्रं बघितली, मोठी देवळं बघितली, पण तेवढं सुंदर काही बघितलं नाही. आणि ते माझं नव्हतं.

वैजू मग दर रविवारी यायला लागली. मे महिन्याची सुट्टी लागल्यावर अधल्यामधल्या दिवशीही, बाबा कचेरीतून आले की. ती आली की बाबांच्या डाव्या हाताला बसायची. तिला कानाबद्दल कोणी सांगितलं होतं की तिचं तिला कळलं, देव जाणे. मी उजवीकडे बसायची आणि काही विचारलं तर बाबा म्हणायचे, "आँ? जरा मोठ्यानं." मोठ्यानं विचारण्यासारखं माझ्याकडे काही नसे. मी रंगाच्या बाटल्या उघडून द्यायची, ब्रश धुवायची, आणि तिचे हात बघत बसायची. त्या खाल्लेल्या नखांचा मला राग यायचा. एवढ्या घाणेरड्या बोटांनी हे कसं जमतं? मी एकटी असताना आरशासमोर जीभ दातांत धरून बसायचा प्रयत्न केला. शाळेच्या खडूवर टाचणीनं डोकं कोरलं. ते बटाट्यासारखं झालं. आईनं ते केरात टाकलं आणि मला विचारलंही नाही.

आईला वैजू आवडायची. "आई नाहीये गं तिला, सगळं घर बघते," असं म्हणून तिला घावनं वाढायची आणि वर नारळाचा रस. मी तीन खाल्ली की म्हणायची, "पुरे." तिनं पाच खाल्ली तरी म्हणायची, "अजून एक घे." मला तिच्या आई नसण्याचाही हेवा वाटला होता, हे लिहायला लाज वाटते. तिच्याकडे सांगायला एवढं मोठं दुःख होतं. माझ्याकडे काय होतं?

मराठ्यांना सरदार नव्हता. चौदा स्वार होते, पण त्यांचा सेनापती बाबांनी राखून ठेवला होता, कारण त्यासाठीचा घोडा एकच होता. फ्रेंच सेनापतीच्या डब्यातला, पुढचे दोन्ही पाय उचललेला. तीन वर्षं तो घोडा कपाटात कापसात गुंडाळून होता. बाबा मला म्हणाले होते, "तुझा हात बसला की हा तू करायचास." एका संध्याकाळी बाबांनी कपाट उघडलं, कापूस बाजूला केला आणि घोडा वैजूच्या हातावर ठेवला. माझ्याकडे वळून बघितलंसुद्धा नाही. ते विसरले होते. मुद्दाम केलं असतं तर मला भांडता आलं असतं.

तिनं तो सरदार करायला दोन आठवडे घेतले. घोड्याची मान कापून वळवली, जणू तो उजवीकडून आलेला आवाज ऐकतोय. अरबाचे पाय, फ्रेंच माणसाची छाती, त्यावर कोरलेलं चिलखत. डोकं मात्र तिनं पूर्ण स्वतःचं केलं, त्या गुलाबी पुडीचं, मिशांसकट. तलवारीचा हात आणि घोड्याची मान अजून मेणावरच जोडली होती, कारण हात किती वर हवा ते बाबांना ठरवायचं होतं. "दोन दिवस माझ्या डोळ्यासमोर राहू दे," बाबा म्हणाले, "रविवारी सांगतो, मग पक्का कर." वैजू जरा घुटमळली. "पप्पा कच्चं काम बाहेर काढू देत नाहीत," ती म्हणाली. पण बाबांना नाही म्हणणं तिलाही जमत नसावं. सरदार आमच्या जुन्या रेडिओवर उभा राहिला.

शुक्रवारी दुपारी आई शेजारच्या काकूंकडे पापड लाटायला गेली होती आणि आदल्या दिवसाचे पापड गॅलरीत वाळत होते. कावळे हाकलायला मी. ऊन असं, की गॅलरीतल्या पाण्याच्या पिंपावरचं गंजलेलं पत्र्याचं झाकण हाताला चटका देत होतं. मी आत आले, पाणी प्यायले आणि सरदाराकडे बघत उभी राहिले. मी त्याला उचललं ते नुसतं हातात घेऊन बघायला. मग उजेडात बघायला म्हणून गॅलरीत नेलं. मग ठेवायला जागा हवी म्हणून पिंपाच्या झाकणावर ठेवलं. प्रत्येक पायरीला माझ्याकडे कारण होतं. एवढ्या वर्षांत मी हे मनाशी अनेकदा तपासलंय, आणि अजून मला ती पायरी सापडत नाही जिथे मी ठरवलं. पण मी तिथे पाटावर बसले, हातात काठी घेऊन, आणि कावळ्यांकडे न बघता त्याच्याकडे बघत राहिले, हे खरं आहे. आधी हात खाली आला. अगदी सावकाश, थकल्यासारखा. मग घोड्याची मान झुकली. मेणाचा एक थेंब खाली ओघळला. मी उठले नाही. मला भीती वाटत होती आणि बरंही वाटत होतं, दोन्ही एकदम.

मग मी त्याला आत नेऊन रेडिओवर ठेवलं आणि रेडिओ लावला.

संध्याकाळी बाबा आले तेव्हा रेडिओ चालूच होता. वरून तो खूप तापायचा, सगळ्यांना माहीत होतं. बाबा नुसते उभे राहिले. बूटही काढले नाहीत. "माझीच चूक," ते म्हणाले. "मीच मूर्ख. रेडिओवर कोणी ठेवतं का?" ते तसेच पेडणेकरांकडे गेले आणि दोघांना घेऊन आले. वैजूनं सरदार उचलला, उलटा केला, घोड्याच्या पायाखाली बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी ब्रश धुवायला घेतले.

पेडणेकर मुलीकडे वळले. "कच्चा काम भायर काढलंस मां? कितीदा सांगलंय तुका, गो?"

"अहो, मीच मागून घेतलं तिच्याकडून," बाबा म्हणाले.

"तुमी मागशात. तिका कळूक नको?" त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. "माज्या हातसून अशी एक कवळी गेली ना, तर माका उद्या कोण काम देवचो नाय. आता सळयांक हात लावचो नाय. साचे धूत ऱ्हव."

वैजूनं तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. आणि ती गेली.

त्यानंतरचे दोन आठवडे मला हवे तसे होते. डावी बाजू रिकामी होती, मी बसले. बाबा माझ्याशी नीट बोलले, मी केलेल्या पंधराव्या पगडीला वा म्हणाले. पण भिंग न लावता. रविवारी लढाई मांडली ती अर्ध्यावरच आवरली. मधुकाका म्हणाले, "काय रे, आज जोर नाही." वाकलेला सरदार बाबांनी कपाटात परत कापसात गुंडाळून ठेवला होता, आणि मी बघत नाही असं वाटलं की ते कपाट उघडून उभे राहायचे. मला जागा मिळाली होती. त्या जागेवरून बघायला काही उरलं नव्हतं.

एका सकाळी आईनं कोकमं देऊन मला पेडणेकरांकडे पाठवलं. वैजू मागच्या मोरीत बसली होती, हात कोपरापर्यंत प्लास्टरनं पांढरे, घासणीनं साचे घासत. बाहेरच्या खोलीत तिचे वडील मशीनवर कवळीचे दात घासत होते, त्या आवाजात आमचं बोलणं त्यांना ऐकू जाणं शक्य नव्हतं. मी पिशवी ठेवली आणि म्हणाले, "तो मी उन्हात ठेवला होता."

"माहितीये."

"कसं?"

"मेणात गंज चिकटला होता. रेडिओला गंज कुठला, येडपट?" ती घासतच राहिली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुझ्या बाबांसमोर? तुझी चुगली केली असती तर परत घरात घेतलं असतं मला त्यांनी?" तिनं साचा पाण्यात बुडवला. "नुसते साचे धुवायला लागले ना, तर एक दिवस सळया परत मिळतील. तुमच्याकडचं ते... ते परत नसतं मिळालं."

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मला मारेल. ती मला सांगत होती, की तिलाही तेच हवं होतं जे मला हवं होतं, आणि त्यासाठी तिनं हिशेबानं तोंड मिटलं. मी माफी मागितली. तिनं मनगटानं नाक पुसलं, तिथे पांढरा पट्टा उमटला.

"मला काय सांगतेस? त्यांना सांग. आणि पप्पांना सांगायला लाव."

मी त्याच संध्याकाळी सांगितलं. बाबा गॅलरीत उभे होते. मी डाव्या बाजूला गेले आणि एका दमात सगळं बोलले. ते म्हणाले, "परत सांग." मी पुन्हा सांगितलं, तेव्हा ते फार अवघड गेलं. पहिल्या वेळीच त्यांना नीट ऐकू गेलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं.

"किती वेळ ठेवला होतास?"

"माहीत नाही. हात खाली येईपर्यंत."

"बघत होतीस?"

"हो."

ते खाली रस्त्याकडे वळले. मग म्हणाले, "मला वाटायचं तुला हे आवडतं. सैनिक, रंग, हे सगळं."

"नाही आवडत," मी म्हणाले, आणि ते बोलल्यावरच मला कळलं की ते खरं आहे. "रंगाच्या वासानं माझं डोकं दुखतं, बाबा."

"तीन वर्षं दुखतंय?"

"हो."

"मग बसायचीस कशाला?"

त्या काळी आमच्या घरात असली उत्तरं देत नसत. ते उत्तर त्यांचं त्यांना कळलं की नाही, हे मला त्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत विचारता आलं नाही. त्यांनी मला मारलं नाही, रागावले नाहीत. "आईला सांगू नकोस," एवढंच म्हणाले, "ती तुला मारेल आणि मला हसेल." मग त्यांनी शर्ट घातला, मला बरोबर घेतलं आणि पेडणेकरांच्या दारात उभं करून पुन्हा सगळं सांगायला लावलं, तिसऱ्यांदा. पेडणेकरांनी मशीन बंद केलं, ऐकून घेतलं आणि आत बघून हाक मारली, "वैजू, तुजो डबो घे." बस्स.

शनिवारी सकाळी बाबा मला म्हणाले, "येतेस का जरा?" आम्ही मिठागरांच्या बाजूला चालत गेलो. मिठाचे ढीग नुकतेच झाकत होते. त्यांनी विचारलं, "मग तुला आवडतं तरी काय?" मी म्हणाले, माहीत नाही. ते म्हणाले, "बरं." पुढे बरीच वर्षं, माझं लग्न होईपर्यंत, शनिवारी सकाळी आम्ही जात राहिलो.

यातून माझा मत्सर गेला असं कोणी समजू नये. वैजू पुढे मोठी कारागीर झाली, नटांचे खोटे दात, नाकं, जखमा बनवायची. बाबा तिच्याबद्दलची बातमी कापून ठेवायचे, आणि ते कात्रण दिसलं की पन्नाशीतही मला ते उलटं करून ठेवावंसं वाटायचं. फक्त ते वाटणं काय आहे हे मला आता माहीत होतं, आणि मी त्याला उन्हात नेऊन ठेवत नव्हते.

त्या पहिल्या शनिवारनंतरच्या रविवारी जेवणं झाली, आई आत आडवी झाली, मधुकाका येऊन बसले. बेल वाजली. दार मी उघडलं. वैजू डबा छातीशी धरून उभी होती, धापा टाकत, जिने पळत चढून आली असावी. आत बाबा खुर्ची ओढत असल्याचा आवाज आला. तिनं माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलणार होते, ओठांवर आलंही होतं.

"सरक ना," ती म्हणाली.

मी सरकले.